प्रेक्षकालाही खेळात ओढणारी प्रश्नमंजुषा कशी रचावी

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रश्नमंजुषेला हमखास जागा मिळते, कारण तिला नेपथ्य, वेशभूषा आणि तालमी यांपैकी काहीच लागत नाही, असा कार्यकारिणीचा समज असतो. प्रत्यक्षात चार संघ मंचावर बसतात, निवेदक सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून प्रश्न वाचू लागतो, दोन हुशार मुले सगळी उत्तरे देऊन टाकतात आणि समोरचे प्रेक्षक पंधराव्या मिनिटाला आपापसांत बोलू लागतात. हेच प्रेक्षक घरी दूरचित्रवाणीवर अनोळखी स्पर्धकाला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मोठ्याने ओरडून देत असतात आणि जाहिरातीच्या वेळीही उठत नाहीत. प्रश्नांची पातळी दोन्हीकडे साधारण सारखीच असते; मात्र दूरचित्रवाणीवरचा प्रश्न घरात बसलेल्या माणसाला समोर ठेवून लिहिलेला असतो आणि मंडळाच्या मंचावरचा प्रश्न फक्त मंचावरच्या चौघांसाठी असतो.

पुढील सूचना गृहसंकुलात, वाचनालयात, परदेशातील महाराष्ट्र मंडळात किंवा चार गावांत विखुरलेल्या नातेवाइकांच्या ऑनलाइन मेळाव्यात प्रश्नमंजुषा घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहेत. दूरचित्रवाणीने आणि मोबाइलवरील खेळांनी लोकांना कसे धरून ठेवले हे नीट पाहिले, तर त्यांच्या बऱ्याच युक्त्या विनाखर्च उचलता येतात. काही मात्र मुद्दाम टाळाव्या लागतात.

आकर्षण कशाचे असते

'कौन बनेगा करोडपती' ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर सुरू झाले. ब्रिटनमध्ये आयटीव्ही वाहिनीवर सप्टेंबर १९९८ मध्ये सुरू झालेल्या खेळाची ती भारतीय आवृत्ती होती. २००० सालीच मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती ठरले. त्यांचा एक कोटीचा प्रश्न असा होता, की संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा संविधानाने दिलेल्या पर्यायांपैकी कोणाला दिली आहे. आणि उत्तर होते ॲटर्नी जनरल, म्हणजे महान्यायवादी. हा प्रश्न पर्यायांविना विचारला असता तर देशातील बहुसंख्य घरांत शांतता पसरली असती. चार पर्याय पडद्यावर आल्यामुळे कायद्याचा गंधही नसलेल्या माणसाला एक बाजू घेता आली, आणि एकदा बाजू घेतली की उत्तर कळेपर्यंत उठवत नाही. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातील बबिता ताडे, ज्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवण्याचे काम करत होत्या, त्यांनीही एक कोटी रुपये जिंकले, तेव्हा मराठी घरांत या खेळाविषयीची जवळीक आणखी वाढली. ज्ञान हे पदवीच्या कागदाशी बांधलेले नसते हे असे खेळ भर सभेत दाखवतात, आणि माझ्या मते त्यांच्या लोकप्रियतेत या गोष्टीचा वाटा बक्षिसाच्या रकमेपेक्षा मोठा आहे.

रक्कम दुय्यम असते याचा पुरावा बीबीसीच्या 'मास्टरमाइंड'ने १९७२ पासून दिलेला आहे. एक काळी खुर्ची, तिच्यावर प्रकाशाचा झोत, अंधारातून येणारे प्रश्न आणि वर्षाच्या विजेत्याला काचेचे एक पात्र, एवढ्यावर तो कार्यक्रम दशकानुदशके चालला. त्याचा निर्माता बिल राइट दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या कैदेत होता आणि तेथील चौकशीच्या अनुभवातून त्याला ती खुर्ची सुचली. सिद्धार्थ बसू यांनी १९९८ मध्ये तो खेळ भारतात आणला. त्याआधी १९८५ मध्ये दूरदर्शनवरील 'क्विझ टाइम'मधून ते घरोघरी पोहोचलेले होतेच. तेव्हा कार्यकारिणीने बक्षिसांसाठी प्रायोजक शोधण्यात जो महिना घालवायचा, तो प्रश्न लिहिण्यात घालवावा.

या ओढीचा मानसशास्त्रातही बराच विचार झालेला आहे. नाव अगदी ओठांवर आहे पण बाहेर येत नाही, या अवस्थेचा पहिला प्रसिद्ध प्रयोग ब्राउन आणि मॅकनील या अमेरिकी संशोधकांनी १९६६ साली मांडला. अशा वेळी माणसाला हव्या असलेल्या शब्दाचे पहिले अक्षर किंवा त्यातील अक्षरांची संख्या पुष्कळदा बरोबर सांगता येते, असे त्यांना आढळले. त्यानंतर २००९ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्रयोगात लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न देऊन त्यांचे कुतूहल मोजले गेले. ज्याचा अजिबात अंदाज नाही आणि ज्याची पूर्ण खात्री आहे, अशा दोन्ही टोकांच्या प्रश्नांना कुतूहल कमी होते. अर्धवट अंदाज असलेल्या प्रश्नांना ते सर्वाधिक होते. शिवाय अंदाज चुकला पण कुतूहल तीव्र होते, अशा प्रश्नांची उत्तरे लोकांच्या पुढेही अधिक लक्षात राहिली. प्रश्न लिहिणाऱ्याने यातून एवढेच घ्यावे, की समोरच्या बहुतेकांना 'हे मला माहीत असायला हवे' असे वाटले पाहिजे. अवघड प्रश्न लिहिणे फार सोपे आहे. या मधल्या पट्ट्यातला प्रश्न लिहिणे अवघड आहे.

प्रश्न लिहिणे

'साबुदाणा कोणत्या वनस्पतीपासून बनतो?' हा प्रश्न घेऊ. ज्याला टॅपिओका किंवा कसावा हे नाव माहीत आहे तो उत्तर देईल, इतर सर्व गप्प बसतील आणि उत्तर ऐकून विसरतील. आता तोच विषय असा विचारून पाहावा: 'एकादशीला घरोघरी होणाऱ्या एका पदार्थातील चारही मुख्य जिन्नस मूळचे अमेरिका खंडातील आहेत आणि युरोपीय दर्यावर्दी तिकडे पोहोचण्यापूर्वी ते भारतात नव्हते. तो पदार्थ कोणता?' सभागृहात लगेच कुजबुज सुरू होते. कोणी भगर म्हणते, कोणी रताळ्याचा कीस म्हणते, मग एखाद्या आजी शेंगदाणा आणि बटाटा यांची बेरीज करून साबुदाण्याच्या खिचडीपर्यंत पोहोचतात, आणि हिरवी मिरचीही त्याच यादीत आहे हे कोणाच्या तरी ध्यानात येते. बटाटा आणि शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतले, मिरची मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडच्या भूभागातली, आणि आपल्याकडचा साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात मोठ्या प्रमाणावर बनतो, तो कसावाही दक्षिण अमेरिकेतलाच. परंपरेचा पदार्थ म्हणून ज्याकडे पाहिले जाते तो निदान कच्च्या मालाच्या दृष्टीने परदेशी निघतो, हा धक्का लोक घरी घेऊन जातात.

या दोन रूपांमधील फरक शब्दांच्या संख्येत मोजू नये. दुसऱ्या रूपात उत्तरापर्यंत पोहोचण्याचे दोन-तीन रस्ते आहेत. भारतातील क्विझच्या वर्तुळात अशा प्रश्नाला 'वर्केबल' म्हणतात, म्हणजे उत्तर पाठ नसतानाही ज्याच्यावर काम करता येते असा प्रश्न. या वर्तुळाची परंपराही जुनी आहे: कोलकात्यात नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये पहिली खुली क्विझ घेतली, बंगळूरमध्ये १९८३ पासून कर्नाटक क्विझ असोसिएशन आहे, आणि पुण्यात बोट क्लब क्विझ क्लब आहे. या मंडळींचे प्रश्न घरगुती कार्यक्रमाला अनेकदा जड जातात, पण प्रश्नाची बांधणी त्यांच्याकडूनच शिकावी.

बांधणीचा एक साधा क्रम सांगता येतो. आधी उत्तर निवडावे, आणि ते उत्तर सभागृहातील बहुतेकांच्या ओळखीचे असावे. मग त्या उत्तराविषयी फारशी माहीत नसलेली एक गोष्ट शोधावी. शेवटी त्या गोष्टीपासून उत्तराकडे नेणारी एक खूण प्रश्नात ठेवावी. उदाहरणार्थ, दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित केला हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते; त्याचे साल विचारण्यात काहीच हशील नाही. परंतु त्या चित्रपटातील तारामतीची भूमिका उपाहारगृहात स्वयंपाकी असलेल्या अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती, आणि त्याच साळुंके यांनी १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये एक अजब कामगिरी केली. तेव्हा प्रश्न असा होतो: 'फाळके यांच्या १९१७ च्या चित्रपटात राम आणि सीता एकमेकांसमोर एकाच वेळी दाखवणे अवघड होते. का?' दोघांच्याही भूमिका एकाच नटाने केल्या होत्या, हे उत्तर दहा वर्षांच्या मुलालाही विचार करून सापडू शकते. असा एक प्रश्न सनावळीच्या दहा प्रश्नांवर भारी पडतो.

सालांचे प्रश्न सरसकट टाळावेत असे मात्र नाही. साल हेच उत्तर असेल तर ते कंटाळवाणे होते. साल खूण म्हणून दिले तर उपयोगी पडते. '१८३२ मध्ये ६ जानेवारीला जे सुरू झाले, त्यामुळे महाराष्ट्रात ६ जानेवारी हा पत्रकार दिन मानला जातो' असे म्हटले की बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'पर्यंत पोहोचणे शक्य होते.

पर्याय द्यायचे असतील, तर चुकीचे पर्याय लिहिण्यासाठी योग्य पर्यायापेक्षा अधिक वेळ द्यावा. चारांपैकी एक पर्याय उघडपणे विनोदी, दोन विश्वसनीय आणि एक बरोबर, ही रचना पहिल्या दोन-तीन प्रश्नांसाठी ठीक असते, कारण त्यामुळे मुले हसतात आणि वातावरण मोकळे होते. पुढे मात्र चारही पर्याय एकाच जातीचे असावेत. गोदावरीच्या उगमाविषयी प्रश्न असेल तर त्र्यंबकेश्वर, महाबळेश्वर, भीमाशंकर आणि अमरकंटक हे चारही नद्यांच्या उगमांशी जोडलेले पर्याय द्यावेत. तिथे मध्येच 'पंढरपूर' आले की प्रश्न मरतो.

विषयांची वाटणी करताना लेखकाचे स्वतःचे वेड आड येते. क्रिकेटवेडा माणूस निम्मे प्रश्न क्रिकेटवर काढतो आणि त्याला ते जाणवतही नाही. यावर उपाय म्हणजे प्रश्न किमान दोन वेगळ्या पिढ्यांच्या माणसांनी लिहावेत, आणि स्वयंपाकघर, रेल्वे, जुनी गाणी, विज्ञान, जवळपासची गावे, व्याकरण, खेळ, सध्याच्या बातम्या अशी यादी भिंतीवर लावून प्रत्येक विषयासमोर खूण करत जावे. स्थानिक प्रश्न दोन-तीन हवेतच. आपल्याच रस्त्याचे जुने छायाचित्र दाखवून 'हे आज कोणते दुकान आहे?' असे विचारले, तर त्या क्षणी सभागृहातील सर्वांत वयस्क व्यक्ती सर्वांत महत्त्वाची ठरते. अध्यक्षांच्या कारकिर्दीवर एक फेरी ठेवावी अशी सूचना आली, तर ती सभ्यपणे पुढच्या वर्षावर ढकलावी.

उत्तरांची पडताळणी

प्रश्नमंजुषेतील भांडणे जवळजवळ नेहमी 'पहिला', 'सर्वांत मोठा' आणि 'एकमेव' या शब्दांवरून होतात. 'भारतातील पहिली महिला डॉक्टर कोण?' हा प्रश्न दरवर्षी कुठे ना कुठे विचारला जातो आणि उत्तर आनंदीबाई जोशी असे वाचले जाते. आनंदीबाईंनी १८८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. त्याच वर्षी कादंबिनी गांगुली यांनी कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि नंतर प्रत्यक्ष व्यवसायही केला, जो करण्याआधीच १८८७ मध्ये आनंदीबाईंचे निधन झाले. सभागृहात एखादी व्यक्ती हे जाणणारी असतेच, आणि ती उठून उभी राहिली की कार्यक्रमाची दहा मिनिटे जातात. प्रश्न 'अमेरिकेत जाऊन पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणारी, कल्याणशी नाते असलेली मराठी स्त्री कोण?' असा विचारला की वादाला जागाच उरत नाही.

भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी, हाही असाच पाठ्यपुस्तकांतून पसरलेला समज आहे. सरकारने कोणत्याही खेळाला अधिकृतपणे तो दर्जा दिलेला नाही. बदलणाऱ्या गोष्टींचेही भान ठेवावे लागते. पालघर २०१४ मध्ये वेगळे झाल्यापासून महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत, पण घरातील जुन्या पुस्तकात ३५ सापडतील. औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर आहे, उस्मानाबाद धाराशिव आहे आणि कळसूबाईचे शिखर ज्या जिल्ह्यात येते तो अहमदनगर आता अहिल्यानगर आहे. जुने नाव सांगणाऱ्याला गुण मिळतील की नाही हे आधीच ठरवून जाहीर करावे. माझ्या मते ते द्यावेत. प्रत्येक उत्तर दोन स्वतंत्र ठिकाणी तपासावे, आणि व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर त्यांपैकी एक ठिकाण म्हणून धरू नये. तपासून झालेले प्रश्न अशा एका व्यक्तीला वाचून दाखवावेत जी त्या दिवशी खेळणार नाही. ज्या प्रश्नावर ती 'म्हणजे नेमके काय विचारायचे आहे?' असे विचारील, तो प्रश्न पुन्हा लिहावा.

फेऱ्या, गुण आणि शेवटपर्यंत टिकणारी चुरस

मंचावर चार संघ आणि खाली प्रेक्षक, ही मांडणी शक्य असेल तर सोडून द्यावी. ब्रिटनमधील पबमध्ये जशी क्विझ होते, तसे सर्वांनीच पाच-सहा जणांच्या गटाने बसून प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहावे. त्यामुळे कोणीही निव्वळ प्रेक्षक उरत नाही, प्रश्न 'पास' होण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि लाजाळू माणूसही आपल्या गटाच्या कानात उत्तर सांगू शकतो. गट कुटुंबानुसार करू नयेत. प्रत्येक गटात एक शाळकरी मूल आणि एक साठीपुढील व्यक्ती असावी असा नियम ठेवावा. प्रत्येक फेरीनंतर शेजारच्या गटांनी एकमेकांचे कागद तपासावेत. मंचावरच्या फेरीचा आग्रहच असेल, तर पहिल्या तीन गटांची एक छोटी अंतिम फेरी घ्यावी.

प्रश्नांच्या चढत्या क्रमाविषयी 'करोडपती'चा मूळ आराखडा अभ्यासण्यासारखा आहे. पहिल्या पर्वात १५ प्रश्न होते, पहिला एक हजार रुपयांचा आणि शेवटचा एक कोटीचा, आणि पाचव्या व दहाव्या प्रश्नानंतर १० हजार आणि ३ लाख २० हजार अशी हमखास मिळणारी रक्कम होती. सुरुवातीचे सोपे प्रश्न हे उंबरठ्यावरच्या स्वागतासारखे असतात. त्यांच्यात कोणीही अडखळू नये. प्रत्येक फेरीत दहा प्रश्न धरले, तर पहिले तीन सर्वांना यावेत, मधल्या पाचांवर चर्चा व्हावी आणि शेवटचे दोन एखाद-दोन गटांनाच सुटावेत. लाइफलाइनही उसनी घ्यावी: प्रत्येक गटाला संपूर्ण कार्यक्रमात एकदा, सभागृहातील कोणत्याही एका व्यक्तीला मदतीला बोलावता येईल. कोणत्या प्रश्नाला कोणाला बोलवायचे यावरची खलबते पाहणे हाच एक खेळ होतो.

बाद करण्याची पद्धत मात्र उचलू नये. एचक्यू ट्रिव्हिया हा मोबाइलवरील थेट खेळ ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. ठरलेल्या वेळी सूत्रसंचालक पडद्यावर येई, साधारण बारा प्रश्न विचारी, प्रत्येकाला दहा सेकंद मिळत आणि एक उत्तर चुकले की खेळाडू बाहेर. २०१८ च्या मार्चमध्ये एका खेळाला वीस लाखांहून अधिक लोक एकाच वेळी हजर होते. फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीला तो बंद करावा लागला. त्याच्या घसरणीला अनेक कारणे होती, पण त्या खेळातील दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. सर्वांनी एकाच क्षणी खेळणे ही त्याची ताकद होती आणि ती आपल्या सभागृहात आपोआप मिळते. तिसऱ्याच प्रश्नाला बाहेर पडलेल्या माणसाला पुढे थांबण्याचे काही कारण उरत नसे, आणि बालगोपाळांसह आलेल्या कुटुंबाला तसे बाहेर काढले तर ते सरळ घरी जाईल.

याउलट अमेरिकेतील 'जेपर्डी!' या खेळाने मागे पडलेल्याला शेवटपर्यंत जिवंत ठेवण्याची सोय केलेली आहे. १९६४ पासूनच्या या खेळात उत्तर दाखवले जाते आणि स्पर्धकाने प्रश्न सांगायचा असतो. विषय आणि किंमत स्पर्धक स्वतः फलकावरून निवडतो, आणि शेवटच्या प्रश्नावर प्रत्येकाने आपल्या गुणांपैकी किती पणाला लावायचे ते फक्त विषय ऐकून ठरवायचे असते. २०११ मध्ये आयबीएमच्या वॉटसन या संगणकाने दोन नामवंत विजेत्यांविरुद्ध खेळताना 'अमेरिकेतील शहरे' या विषयाला चक्क टोरांटो हे कॅनडातील शहर उत्तर म्हणून दिले. परंतु त्याने पणाला अवघे ९४७ डॉलर लावले होते, त्यामुळे तो आघाडीवरच राहिला. आपल्या शेवटच्या फेरीत हीच पद्धत ठेवावी: विषय जाहीर करावा, प्रत्येक गटाने शून्यापासून वीसपर्यंत गुण कागदावर लिहून पणाला लावावेत, मग प्रश्न वाचावा. चौथ्या क्रमांकावरील गटही अशा वेळी खुर्ची पुढे ओढून बसतो. एरवीच्या फेऱ्यांत चुकीच्या उत्तरासाठी गुण कापू नयेत. कापले की लोक अंदाज करणे थांबवतात, आणि अंदाज करण्यातच तर या खेळाची मजा आहे.

रॅपिड फायर फेरी बहुतेक आयोजकांना आवडते आणि मला ती निरुपयोगी वाटते, कारण एका मिनिटात दहा प्रश्नांचा भडिमार झाला की कोणत्याच प्रश्नाचा स्वाद उरत नाही. तिच्याऐवजी गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यसंगीतावरून गाणे ओळखण्याची फेरी ठेवावी. ध्वनिक्षेपक मात्र तासभर आधी तपासावा.

ऑनलाइन घ्यायची असेल तर

नॉर्वेमध्ये २०१३ साली सुरू झालेले काहूत हे व्यासपीठ शाळांमधून जगभर पसरले, आणि घरगुती वापरासाठीही ते सोयीचे आहे. प्रश्न आयोजकाच्या पडद्यावर दिसतो, प्रत्येक जण आपल्या मोबाइलवर सांकेतिक क्रमांक टाकून आत येतो आणि रंगीत चौकोन दाबून उत्तर देतो. मोफत खात्यात खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते, ती आधीच पाहून ठेवावी. या खेळात जलद उत्तराला जास्त गुण मिळतात, त्यामुळे तरुणांची सरशी होते. वेळमर्यादा वाढवावी किंवा वेगासाठीचे गुण बंद ठेवावेत. परदेशातील नातेवाइकांकडे चित्र थोडे उशिरा पोहोचते, म्हणून व्हिडिओ कॉलवर 'जो आधी बोलेल त्याचे उत्तर' हा प्रकार कधीही करू नये.

वेळ ठरवताना रविवारी भारतातील रात्री आठ ही वेळ बऱ्याच जणांना जमते: हिवाळ्यात तेव्हा लंडनमध्ये दुपारचे अडीच आणि न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. कॅलिफोर्नियावाल्यांना साडेसहाला उठावे लागते, तेव्हा त्यांच्यासाठी पहिली फेरी जरा हलकी ठेवावी.

गूगलवर उत्तर शोधण्याचा मोह सर्वांनाच होतो आणि त्याला शपथा घालून उपयोग नसतो. उत्तर शोधता येणार नाही असेच प्रश्न द्यावेत. चार चित्रांमधील समान दुवा ओळखणे, कुटुंबातील जुन्या छायाचित्राचा एक कोपरा दाखवणे, किंवा वर सांगितलेल्या खिचडीसारखा अनेक खुणा जोडायला लावणारा प्रश्न, हे वीस सेकंदांत शोधयंत्राला सापडत नाहीत.

प्रवेशशुल्क घेऊन रोख बक्षीस देणारी ऑनलाइन प्रश्नमंजुषा आयोजित करू नये. २०२५ साली संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली आहे, आणि खेळ कौशल्याचा आहे ही सबब त्यात चालत नाही. जिंकलेल्या रकमेसाठी आधी काही पैसे भरा असे सांगणाऱ्या कोणत्याही 'क्विझ'च्या दुव्यावर घरातील ज्येष्ठांनी जाऊ नये, हेही त्याच बैठकीत सांगून टाकावे.

सूत्रसंचालन आणि निर्णय

सूत्रसंचालकाने प्रश्न दोनदा वाचावा, पहिल्यांदा सलग आणि दुसऱ्यांदा सावकाश. अमिताभ बच्चन यांच्या आवाजाची नक्कल एकदा केली तर लोक हसतात. दर प्रश्नाला केली तर कंटाळतात. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट आहे ती थांबण्याची. स्पर्धकाने उत्तर दिल्यावर ते बरोबर की चूक हे सांगण्याआधी दोन-तीन श्वासांचा अवकाश ठेवावा, आणि उत्तर जाहीर केल्यावर त्यामागची हकीकत एका वाक्यात सांगावी. राम-सीतेच्या प्रश्नानंतर अण्णा साळुंके हे नाव सांगितले नाही, तर त्या प्रश्नाचे अर्धे मोल वाया जाते. चुकलेल्या उत्तराची थट्टा करू नये, विशेषतः मुलांच्या. अभिनव चुकीचे कौतुक मात्र अवश्य करावे.

प्रश्न लिहिणाऱ्यांच्या घरातील कोणीही खेळू नये. हा नियम कठोर वाटेल, परंतु शंकेची एक छटाही या खेळाला पुरते. अमेरिकेत १९५६ मध्ये सुरू झालेल्या 'ट्वेंटी-वन' या लोकप्रिय कार्यक्रमात निर्माते स्पर्धकांना उत्तरे आधी पुरवत होते आणि नकोशा झालेल्या विजेत्याला मुद्दाम चुकायला लावत होते. चार्ल्स व्हॅन डोरेन या प्राध्यापकाने १९५९ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समितीपुढे त्याची कबुली दिली. दूरचित्रवाणीवरील अशा लबाडीला बंदी घालणारा कायदा पुढच्याच वर्षी झाला. लोकांना हरलेले चालते. खेळ आधीच ठरलेला होता असे कळणे चालत नाही. म्हणून उत्तरपत्रिका बंद पाकिटात ठेवावी, निर्णयासाठी सूत्रसंचालकाखेरीज एक पंच नेमावा, आणि वाद झालाच तर उत्तराचा आधार कोठे सापडला ते दाखवून पंचाचा निर्णय अंतिम मानावा. पंचालाच शंका असेल तर दोन्ही गटांना गुण द्यावेत आणि पुढे जावे.

पहिल्या क्रमांकावर दोन गट बरोबरीत आले, तर आणखी एक अवघड प्रश्न शोधत बसू नये. संख्येचा प्रश्न विचारावा आणि जवळचा अंदाज असलेल्या गटाला विजयी ठरवावे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेल्या पहिल्या प्रवासी गाडीला १४ डबे होते आणि ती सुमारे ३४ किलोमीटर धावली. तिच्यात किती निमंत्रित पाहुणे होते, असे विचारता येते, आणि त्याचे उत्तर सुमारे ४०० आहे. दोन्ही गटांनी आकडा एकाच वेळी कागदावर लिहून वर धरावा, म्हणजे एकाला दुसऱ्याचे पाहून दोन-चारांनी पुढे सरकता येत नाही. असे दोन प्रश्न तयार ठेवावेत. त्यांनीही बरोबरी सुटली नाही तर करंडक सहा-सहा महिने दोघांकडे ठेवावा, आणि आधी कोणाकडे जायचा हे नाणेफेकीने ठरवावे.